जुन्या मोटारगाड्यांचे वंगण : धुळे परिसराच्या संदर्भात एक विचार

मोटार येण्यापूर्वी बैलगाडीच्या कण्याला ओंगण घालण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रूढ होती आणि त्या ओंगणात एरंडेल तेलाचा उपयोग सर्रास होत असे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांनाही हेच तेल लागे. आणि इंग्लंडमधील वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच. एरंडेलाचा रेणू धातूच्या पृष्ठाला घट्ट चिकटून राहतो, हा त्याचा गुण. उष्णतेने त्याचे ऑक्सिडीभवन होऊन चिकट राळ साचते, हा त्याचा दोष. या दोषामुळे मोटारीच्या इंजिनातून ते हद्दपार झाले व त्याची जागा खनिज तेलाने घेतली. परंतु वंगणाविषयीची गाडीवानाची समजूत मात्र इंजिनापर्यंत टिकून राहिली. गाडी जुनी झाली, कणा झिजला, की ओंगण जाड करावे, अशी ती समजूत होय.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांस छेदतात. अशा गावात मोटारदुरुस्तीचा धंदा भरभराटीस येणे स्वाभाविकच होते. या धंद्यात ‘आता जाड तेल घाला’ हा सल्ला इतका सार्वत्रिक आहे की, त्याची शास्त्रीय तपासणी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. तो कोठपर्यंत खरा आहे आणि कोठून पुढे इंजिनास घातक ठरतो, हे पाहणे हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. प्रश्न केवळ पुस्तकी नाही. साक्री, शिरपूर किंवा पारोळ्याच्या वाटेवर जुन्या जीपवर ज्याचे पोट चालते, त्याच्या दृष्टीने इंजिन उघडावे लागणे म्हणजे काही आठवड्यांची मिळकत बुडणे व वर कर्ज होणे.

प्रथम वंगणाचे मूळ कार्य लक्षात घेतले पाहिजे. १८८३ साली ब्यूचँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्याने ते लाकडी बुचाने बंद केले. तर आतील तेलाने ते बूचच बाहेर ढकलून दिले. तेथे दाबमापक बसविला असता, तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दाबाहून कितीतरी अधिक असल्याचे आढळले. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, ते तेल चिंचोळ्या फटीत पाचरीसारखे घुसते आणि आसाला उचलून धरते, हे त्यावरून स्पष्ट झाले. ऑस्बर्न रेनल्ड्स याने १८८६ साली या घटनेचे गणित मांडले. अशा स्थितीत धातू धातूस स्पर्शच करीत नाही. सारा भार तेलाच्या काही मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यावर तोलला जातो. पापुद्र्याची जाडी तेलाची श्यानता, आसाचा वेग व त्यावरील भार यांवर अवलंबून असते. श्यानता म्हणजेच गॅरेजातील भाषेत तेलाची ‘जाडी’.

एवढ्यावरून जाड तेल अधिक चांगले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु झिजलेल्या इंजिनात आणखी एक राशी बदललेली असते, ती म्हणजे आस व बेअरिंग यांतील मोकळीक. या मोकळिकीच्या कडेने जे तेल निसटते, त्याचे प्रमाण मोकळिकीच्या घनाच्या सम व श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असते. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या नव्या आसात ही मोकळीक ढोबळमानाने ५० मायक्रॉन धरू. झिजेमुळे ती ८० मायक्रॉन झाली, तर १.६ चा घन म्हणजे सुमारे ४.१ या प्रमाणात गळती वाढते. आता मालकाने ४० क्रमांकाच्या तेलाऐवजी ५० क्रमांकाचे तेल घातले, तर १०० अंश सेल्सिअसला श्यानता साधारणपणे १४ सेंटीस्टोकवरून १८.५ वर, म्हणजे १.३ पट होते. गळती चौपटीवरून तिपटीवर आली, इतकेच. झीज तेथेच राहिली. दाबमापकाचा काटा थोडा वर सरकतो व मालकाचे समाधान होते; पण तेलाचा दाब म्हणजे वंगण नव्हे. दाब हे प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे माप आहे. पंपापुढील एखादी नळी गाळाने चोंदली, तरी त्याअलीकडचा दाब वाढलेलाच दिसेल आणि तिच्यापलीकडचा भाग मात्र कोरडा राहील.

म्हणून एक पायरी जाड तेल घालण्यास सबळ कारण असले पाहिजे. इंजिन पूर्ण तापल्यावर मंद गतीत दाब अतिशय खाली येणे, हे असे एक कारण होय. दर मिनिटास हजार फेऱ्यांमागे चौरस इंचास दहा पौंड, असा एक स्थूल ठोकताळा कारागीर वापरतात. पंप, गाळणी व दाबनियंत्रक झडप निर्दोष असूनही दाब त्याच्या बराच खाली राहत असेल, तर ४० वरून ५० वर जाणे रास्त ठरते. गाडीने लाखाचा आकडा ओलांडला, हे मात्र त्यासाठी पुरेसे कारण नाही. नीट निगा राखलेली दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी पुष्कळदा दुर्लक्षित अशा साठ हजारांच्या गाडीपेक्षा कमी झिजलेली असते.

डब्यावरील आकड्यांविषयीही गैरसमज फार. ‘२०डब्ल्यू-४०’ यातील दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा आहे : १०० अंशांस १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक श्यानता असेल, तर ४० क्रमांक, १६.३ ते २१.९ असेल, तर ५०, आणि ९.३ ते १२.५ असेल, तर ३०. डब्ल्यू हे इंग्रजीतील हिवाळ्याच्या शब्दाचे आद्याक्षर असून त्यामागील आकडा थंडीतील वर्तन सांगतो. २०डब्ल्यू तेलाची थंड अवस्थेतील कसोटी उणे १५ अंशांस, तर ५डब्ल्यूची उणे ३० अंशांस घेतात. धुळ्याच्या हिवाळ्यात काही पहाटे पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. पण उणे १५ अंश येथे कोणी पाहिलेले नाहीत. यावरून पहिल्या आकड्याला खानदेशात काहीच अर्थ नाही, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. मेणासारखे गोठून इंजिन फिरेनासे होण्याचे भय येथे नाही हे खरे. पण प्रारंभीच्या काही सेकंदांत तेल वरच्या झडपांपर्यंत किती लवकर पोहोचते, हा प्रश्न उरतोच. नेहमीच्या २०डब्ल्यू-४० तेलाची श्यानता १०० अंशांस १४ व ४० अंशांस ११५ सेंटीस्टोक मानली, तर १० अंशांस ती सातशेच्या वर जाते, असे गणिताने निघते. त्याच तपमानास ५डब्ल्यू-३० तेल तीनशेच्या आसपास असते. म्हणजे पौष महिन्याच्या पहाटे गाडी सुरू करताना इंजिनातील तेल चालू अवस्थेच्या पन्नास पट घट्ट असते. अशा वेळी इंजिन सुरू होताच त्याला मोठ्याने गुरगुरावयास लावणे ही एक सवय झाली आहे; इंजिनाच्या आयुष्यातील बरीच झीज नेमकी याच क्षणांत होते. अर्धा मिनिट थांबून मग सावकाश निघावे, एवढे पुरते.

उलटपक्षी, मे महिन्यातील चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने तेल पातळ होऊन जाईल, ही भीतीही अवास्तव आहे. इंजिनातील पाण्याचे तपमान थर्मोस्टॅट नियंत्रित करतो, त्यामुळे बाहेरील हवेतील तीस-पस्तीस अंशांचा फरक तेलापर्यंत पोहोचेतो पुष्कळ घटलेला असतो. अर्थात ज्या गाडीचा रेडिएटर क्षारांनी अर्धा बुजलेला आहे, किंवा तेल तापते म्हणून ज्या गाडीचा थर्मोस्टॅट काढूनच टाकला आहे, तिला हे विधान लागू पडत नाही. थर्मोस्टॅट काढण्याची ही युक्ती आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. तिच्यामुळे हिवाळ्यात इंजिन धड तापतच नाही, तेलात पाणी व इंधन साचते आणि झीज वाढते. उष्णतेचा खरा परिणाम तेलाच्या आयुष्यावर होतो. दर दहा अंशांमागे ऑक्सिडीभवनाचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील स्थूल नियम येथेही लागू आहे. म्हणून भर उन्हात घाट चढणाऱ्या, भरगच्च भरलेल्या गाडीचे तेल जाड असण्यापेक्षा ताजे असणे अधिक महत्त्वाचे.

श्यानतेच्या खालोखाल पूरक द्रव्यांचा प्रश्न येतो आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तोच अधिक दुर्लक्षित आहे. मुंबईच्या कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतून निवृत्त झाली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. या पिढीच्या गाड्यांत तसेच जुन्या जीपगाड्यांत कॅमचे टोक सपाट टॅपेटवर घासत जाते. तेथे सरकत्या स्पर्शाचा दाब इतका तीव्र असतो की, टॉवरने पाहिलेला तेलाचा पापुद्रा टिकू शकत नाही. धातूचे रक्षण झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे द्रव्य करते; घर्षणाच्या उष्णतेने ते विघटित होऊन पृष्ठावर स्वतःचा बळी देणारा थर निर्माण करते. परंतु त्यातील फॉस्फरस पुढील काळातील गाड्यांच्या धूरशोधक उत्प्रेरकाला विषवत् ठरतो. म्हणून २००४ च्या ए.पी.आय. एस.एम. श्रेणीपासून पातळ, म्हणजे ३० क्रमांक व त्याखालच्या इंधन-बचतीच्या तेलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आली. ४० व त्यावरील क्रमांकांना ती मर्यादा नाही. जुन्या पद्मिनीत अत्याधुनिक ५डब्ल्यू-३० तेल घालणाऱ्या हौशी मालकाचे कॅम झिजले, तर त्याचे कारण तेल ‘पातळ’ होते एवढेच नसते. त्यातील कवचद्रव्यही कमी होते. अशा गाड्यांस २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० हीच तेले योग्य होत.

याच्या अगदी उलट स्थिती २००० नंतरच्या पुष्कळ गाड्यांची आहे. त्यांपैकी काहींमध्ये झडपांची वेळ तेलाच्या दाबाने बदलली जाते, कित्येकांत टॅपेट व साखळीचा ताण राखणारी योजना तेलावरच चालते. यातील सूक्ष्म वाहिन्या विशिष्ट श्यानतेसाठी आखलेल्या असतात. अशा गाडीला पंधरा वर्षे झाली व खाजगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण करावयाची वेळ आली, म्हणून तिच्यात २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे वृद्धाला तरुणपणीचा चष्मा काढून दुसऱ्याचा लावण्यासारखे आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेत उष्ण प्रदेशासाठी बहुधा एकाहून अधिक श्रेणी दिलेल्या असतात. त्यांतील सर्वांत जाड श्रेणी ही येथील मर्यादा मानावी.

‘गाडी तेल खाते’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते व तिच्यावरही जाड तेल हेच औषध सुचविले जाते. वास्तविक तेल कोठून जाते हे आधी शोधले पाहिजे, आणि या कामी धुळ्याचा भूगोल साह्यकारी आहे. लळिंगचा किंवा सुरतेच्या वाटेवरील कोंडाईबारीचा घाट उतरताना चालक पेट्रोल गाडीच्या ॲक्सिलरेटरवरील पाय काढून घेतो. त्या वेळी इंजिनाच्या शोषणनळीत तीव्र निर्वात निर्माण होतो व झडपांच्या दांड्यांलगतचे तेल आत खेचले जाते. उतार संपून पुन्हा पाय दाबताच मागे निळसर धुराचा एकच लोट निघाला, तर दोष झडपांच्या रबरी सीलांत किंवा गाइडांत आहे. उलट चढावर, भार असताना, सतत निळा धूर येत असेल, तर दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, रिंगा संशयास्पद ठरतात. डिझेल इंजिनात सहसा असा निर्वात नसल्याने पहिली कसोटी तेथे उपयोगी पडत नाही. संशय पक्का करण्यासाठी सिलिंडरमधील दाब मोजावा, मग चमचाभर तेल आत टाकून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा, न वाढला तर झडपा किंवा गॅस्केट सदोष, असे अनुमान निघते. झडपांची सीले कडक झाली असतील, तर डोके न उतरवताही ती बदलणे पुष्कळ इंजिनांत शक्य असते. म्हणजे ज्या दोषासाठी संपूर्ण इंजिन बांधून घेण्याचा सल्ला मिळतो, तो कधी कधी एका दिवसाच्या कामाचा असतो.

पुष्कळ निर्माते हजार किलोमीटरमागे अर्धा ते एक लिटर घट सह्य मानतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीने हजारास अर्धा लिटर तेल खाल्ले, तर वर्षाचे सहा लिटर वरचे तेल लागते. ही रक्कम इंजिन बांधण्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. तेल खाणारी गाडी म्हणून निकालात काढण्याचे कारण नाही. खरा धोका पट्टी न तपासण्यात आहे. अशा गाडीचे इंजिन तेल खाल्ल्याने सहसा बसत नाही, तेल संपल्याने बसते. दर इंधनभरणीस सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी पाहणे, याला पर्याय नाही.

‘जास्त धावलेल्या गाड्यांसाठी’ म्हणून जी खास तेले बाजारात येतात, त्यांचा पाया २००० सालच्या सुमारास अमेरिकेत घातला गेला. त्यांत नायट्राइल रबराची आकसलेली सीले किंचित फुगवणारी एस्टर-वर्गीय द्रव्ये व अधिक प्रक्षालके असतात. झिरपणाऱ्या सीलावर त्यांचा काही उपयोग होतो. चिरलेल्या सीलावर किंवा झिजलेल्या रिंगांवर होत नाही. संश्लेषित तेल घालताच जुनी गाडी गळू लागते, या प्रवादातही थोडे तथ्य आहे. प्रारंभीची संश्लेषित तेले सीलांना आकसवीत असत; आजच्या मिश्रणांत तो दोष उरलेला नाही. मात्र साचलेल्या गाळानेच जी फट बुजवून ठेवली होती, ती प्रक्षालकाने उघडी पडते. गळती तेलाने निर्माण केली नाही, उघडकीस आणली.

गाळ काढण्यासाठी इंजिनात डिझेल ओतून ते काही वेळ चालविण्याची पद्धत त्याज्य आहे. डिझेलची श्यानता बेअरिंगला तोलून धरण्यास अपुरी पडते, शिवाय एकदम सुटलेले गाळाचे लपके पंपाच्या जाळीत अडकतात. चांगल्या प्रतीचे तेल घालून लागोपाठ दोन-तीन वेळा ते नेहमीच्या निम्म्या अंतराने बदलले, तर गाळ हळूहळू व निर्धोकपणे निघतो. प्रत्येक वेळी गाळणी बदलावी, हे ओघाने आलेच.

आता खानदेशातील सर्वांत मोठ्या शत्रूकडे वळावे लागेल. गावाच्या नावावर कोटी करण्याचा मोह टाळला, तरी चैत्र-वैशाखात नांगरून पडलेल्या काळ्या रानांवरून उठणारी धूळ हे येथील इंजिनांच्या झिजेचे एक प्रमुख कारण होय. धुळीतील सिलिका पोलादाहून कठीण असते. मोठे कण गाळणीत अडकतात, अतिसूक्ष्म कण तेलाच्या पापुद्र्यातून निसटून जातात. सुमारे ५ ते २० मायक्रॉनचे कण, जे पापुद्र्याच्या जाडीशी स्पर्धा करतात, तेच सर्वाधिक नाश करतात. ही धूळ तेलाच्या डब्यातून येत नाही, हवेच्या गाळणीच्या सैल बसलेल्या काठांतून येते. जुन्या अँबॅसडर व जीपगाड्यांतील तेलाच्या पात्राची हवागाळणी उन्हाळ्यात पंधरवड्याने उघडून साफ करावी लागते. कागदी गाळणी हवेच्या झोताने वारंवार झाडणे मात्र वाईट. कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात व गाळणी स्वच्छ दिसत असूनही निकामी झालेली असते. वापरलेल्या तेलाच्या रासायनिक पृथक्करणात लोखंड व सिलिकॉन ही दोन्ही मूलद्रव्ये एकदम वाढलेली आढळली, तर तेल बदलण्याआधी हवेचा मार्ग तपासावा.

इंधनातील बदलाचीही दखल घेणे भाग आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे मिश्रण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या, कधीच पुरते न तापणाऱ्या गाडीत ते पाण्यासह तेलात उतरून दुधट साय धरते. ७८ अंशांस ते उकळते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तास-अर्धा तास सलग धाव घडली, तर बरेचसे उडून जाते. तेलाच्या झाकणाखाली अशी साय दिसली व रेडिएटरमधील पाणीही घटत असेल, तर मात्र कारण इथेनॉल नसून फुटलेले गॅस्केट असण्याचा संभव अधिक. गॅसवर चालविलेल्या गाडीत तेल बराच काळ स्वच्छ दिसते. पण ज्वलन उष्ण असल्याने त्याचे ऑक्सिडीभवन व नायट्रोजनाशी संयोग चालूच असतो. तेथे रंगावर विसंबणे फसवे ठरते.

रंग तसाही अविश्वसनीय साक्षीदार आहे. डिझेल इंजिनातील ताजे तेल शे-दोनशे किलोमीटरांतच काळे पडते. काजळी पोटात धरून ठेवणे हे प्रक्षालकांचे कामच आहे. त्यापेक्षा गाळणकागदाची कसोटी बरी. तापलेल्या तेलाचा एक थेंब कागदावर टाकून काही तास ठेवावा. डाग मध्यापासून काठापर्यंत सारखा फिकट होत पसरला, तर तेलाची धारणशक्ती शाबूत आहे. मध्यभागी गडद, कडा तुटक असलेला ठिपका उरला व भोवती केवळ पिवळे कडे पसरले, तर ती संपली. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील रेडवुड श्यानतामापक येथे उपयोगी पडतो. ताज्या व वापरलेल्या तेलाचे ५० मिलिलिटर वाहून जाण्यास एकाच तपमानाला लागणारे सेकंद मोजले, की इंधन मिसळून तेल पातळ झाले, का ऑक्सिडीभवनाने घट्ट झाले, हे कळते. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडून श्यानता जैसे थे दिसण्याचाही संभव असतो, म्हणून सोबत आम्लांक मोजणे इष्ट. बदलाचे अंतर अशा दोन-तीन नमुन्यांवरून प्रत्येक गाडीपुरते ठरविता येते. ते शक्य नसेल, तर जुन्या इंजिनात खनिज तेल पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा, बदलावे.

उतरविलेल्या तेलाचे काय होते, हा प्रश्न राहतो. दारे-खिडक्यांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून ते फासणे, सेंटरिंगच्या फळ्यांना लावणे किंवा गॅरेजामागील नाल्यात सोडणे, हे प्रकार सर्वत्र चालतात. या काळ्या तेलात धातूंचे कण व कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बने असतात. हातांना ते वर्षानुवर्षे लागत राहणे त्वचेस घातक आहे, आणि गॅरेजात काम करणाऱ्या पोरांच्या हातांना ते रोज लागते. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. त्याच्या पुनःशुद्धीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे केंद्र शासनाचे नियम २०२३ साली निघाले व १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. पुनःशुद्ध केलेले मूळ तेल गुणाने ताज्या खनिज तेलाची बरोबरी करू शकते. अट एवढीच की, गॅरेजातील पिंपात त्यात ब्रेकचे तेल, रेडिएटरचे पाणी आणि थिनर मिसळलेले नसावे.